फळीवरचं झाकण आणि कापराच्या नळ्या

पिंप्राळ्याच्या आमच्या घरापासून रेल्वेलाइन फार लांब नाही. मालगाडी गेली की स्वयंपाकघरातल्या फळीवर एकाच डब्याचं झाकण वाजतं. बाकीची भांडी गप्प. पॅसेंजर गेली तर ते झाकणही ओळख देत नाही. चाळीस वर्षं हे ऐकतो आहे. असं का, हे विचारायचं कधी सुचलं नाही. परवा सुटीत आलेली नात म्हणाली, "आबा, मी हेच तर करतेय. फक्त माझी भांडी जरा लहान आहेत."

तिची भांडी म्हणजे कार्बनच्या नॅनोनळ्या. अशा नळ्या शेजारी शेजारी उभ्या असताना एकीचा कंप दुसरीकडे कसा सरकतो, याचं गणित ती एम.टेक.साठी संगणकावर मांडते आहे. एका अणूइतक्या जाडीच्या कार्बनच्या पत्र्याची सुरळी केली की झाली नळी. जपानच्या सुमिओ इजिमांनी १९९१ साली तिच्याकडे जगाचं लक्ष वेधलं. एकपदरी नळीचा व्यास जेमतेम एखाद-दीड नॅनोमीटर, आणि ताठपणा मात्र पोलादाच्या सुमारे पाचपट!

हे सगळं परदेशी प्रकरण, अशी माझी समजूत होती. पण मुंबईच्या आयआयटीत प्रा. महेश्वर शेरॉन यांनी कापरापासून असा कार्बन बनवण्यावर काम केलं. पुढे त्यांचे विद्यार्थी मुकुल कुमार यांनी जपानात नागोयाला योशिनोरी आंदो यांच्यासोबत तापलेल्या भट्टीतून कापराची वाफ नेऊन या नळ्यांचं उभं, दाट रान वाढवलं. आषाढी एकादशीला आमच्या पिंप्राळ्यात रथ निघतो, तेव्हा आरतीच्या ताटात जळणारा कापूर मी जन्मभर पाहिला. त्यातून असलं पीक निघेल, असं कुणाच्या मनात आलं असतं?

पीकच म्हणा. दादरच्या शेतावरून वारा गेला की लाट पार बांधापर्यंत जाते, ताट मात्र आपल्या जागीच डोलतं. नळ्यांचंही तसंच. प्रत्येक नळीचा स्वतःचा सूर असतो. नोकरीच्या सुरुवातीला आम्ही कारकून मंडळी स्टीलची पट्टी टेबलाच्या कडेला दाबून वाजवायचो, तोच हा हिशेब. बाहेरची लांबी दुप्पट केली की कंपनं चौपटीनं मंदावतात. पट्टीच्या टोकाला काही चिकटवलं तरी सूर उतरतो. १९९९ साली अमेरिकेत एका नळीच्या टोकाला चिकटलेल्या कणाचं वजन असंच काढलं. ग्रॅमचे दहा कोटी कोटी भाग केले, तर त्यातले सुमारे २२! सोनेतारणाच्या काट्यावर गुंजा मोजणाऱ्या मला हे ऐकून घामच फुटला.

आता अडचण अशी, की पट्टीचं सूत्र अठराव्या शतकातलं. पदार्थ सलग आहे, असं ते धरून चालतं. लाट लांब असेल तर निभावतं. ती थोड्याच अणूंच्या अंतराइतकी आखूड झाली, की उत्तर चुकू लागतं. म्हणून नात एरिंगेन यांची १९८३ सालची मांडणी वापरते. तिच्यात एका बिंदूवरचा ताण त्या बिंदूपुरता ठरत नाही. आसपासचे बिंदू किती ताणले गेले, तेही मोजावं लागतं.

हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो. शाखेत कापसाची कर्जं मी एकेक सातबारा पाहून मंजूर केली. प्रत्येकाची फाइल वेगळी. एका साली पाऊस रुसला आणि तिघे थकले. तिघांना जामीन एकच शेतकरी होता. त्याचं स्वतःचं खातं चोख, विहिरीला पाणी. त्याला नोटीस माझ्या सहीनं गेली. त्यानं बैलजोडी विकून पैसे भरले आणि त्यानंतर बाजारात मला रामराम घातला नाही. नियमानं माझं काही चुकलं नव्हतं. पण तिन्ही अर्जांवर जामीनदार म्हणून तेच नाव होतं, आणि तिन्ही फाइली मी एकत्र ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या.

नातीला हे सांगितलं. ती म्हणाली, "आबा, माझंही अडलंय." सगळ्या नळ्या सारख्या धरल्या, तर तिच्या गणितात लाट सुरेख पुढे जाते. पण भट्टीत वाढलेल्या नळ्या सारख्या नसतात. काही वाकड्या, काही आखूड, बऱ्याचशा एकमेकींत गुंतलेल्या. लांबीत थोडा फरक घातला, तर लाट मध्येच अडकली. पोरीला वाटलं, प्रोग्रॅम चुकला. तीन रात्री ती तपासत बसली. चूक नव्हती, विस्कळीत रचनेत लाट अशी कोंडतेच. आणि गुंतलेलं रान निकामीही नसतं. २०१० साली जपानमध्ये अशाच गुंत्यातून रबरासारखा पदार्थ बनवला. उणे १९६ अंशांपासून १००० अंशांपर्यंत तो दाबला की दबतो, सोडला की हळूहळू पूर्ववत होतो. मग मुकाट्यानं तिनं प्रबंधात आणखी एक प्रकरण घातलं, नळ्या असमान धरून.

काल रात्री मालगाडी गेली आणि झाकण वाजलं. नातीनं उठून त्यावर एक लिंबू ठेवलं. पुढची मालगाडी पावणेदोनला होती. आम्ही दोघंही जागेच होतो.