तीन बोटांचं तोंड

थंडी पडली की जळगाव जिल्ह्यात शेताशेतांत भरिताचे बेत ठरतात. तुरीच्या काड्यांवर वांगी भाजायची, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, हिरवी मिरची आणि लसूण घालून ठेचायची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर हाणायची. धुळ्याकडे हाच मान शेवभाजीच्या लालभडक रश्श्याला. अशा पंगतीत हल्ली एखादा जण हमखास दिसतो. तो दही-भाकरीवर भागवतो, घास बारीक करून तोंडात सरकवतो. आग्रह केलाच तर म्हणतो, ‘तोंडले झोंबस रे भाऊ.’ वय पाहावं तर पंचविशी-तिशीचं. ज्याचं बालपण ठेच्यावर गेलं, त्याला मिरची सोसेनाशी होते तेव्हा ती चवीची आवड बदललेली नसते. बहुतेक वेळा खिशात सुपारीची किंवा गुटख्याची पुडी असते आणि तोंडाच्या आत एक आजार सुरू झालेला असतो.

त्याचं वैद्यकीय नाव ओरल सबम्युकस फायब्रोसिस. गावात मात्र ‘तोंड उघडत नाही’ एवढंच म्हणतात आणि तेच त्याचं नेमकं वर्णन आहे. आरशासमोर उभं राहून मधली तीन बोटं, एकावर एक उभी धरून, पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. निरोगी माणसाच्या तोंडात ती सहज मावतात. वरच्या आणि खालच्या दातांत साधारण ३५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त जागा असते. दोनच बोटं मावली तर दंतवैद्याकडे जायला उशीर करू नये. एकच मावलं तर भाकरीचा तुकडाच काय, दात घासायचा ब्रशही मागच्या दाढेपर्यंत पोचत नाही.

सुटा तंतू, पिळलेला दोर

खान्देशाला कापूस समजावून सांगावा लागत नाही. बोंडातला तंतू सुटा असतो तेव्हा मऊ आणि लवचिक असतो. तोच पीळ देऊन दोर केला की ताणला जात नाही. गालाच्या आतल्या नाजूक अस्तराखाली कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे असेच तंतू असतात. सुपारीतला अरेकोलीन हा घटक ते तंतू बनवणाऱ्या पेशींना चेतवतो, त्यामुळे तंतू प्रमाणाबाहेर तयार होतात. सुपारीत तांबंही भरपूर असतं. कोलॅजनचे तंतू एकमेकांना घट्ट बांधणारं जे विकर शरीरात असतं, त्याला तांबं लागतं. ते मिळालं की बांधणी आणखी पक्की होते आणि शरीराला जुने तंतू मोडून काढणं जमेनासं होतं. हळूहळू गालात उभे दोर हाताला लागतात, अस्तर पांढुरकं पडतं, पडजीभ आखडते, जीभ बाहेर निघत नाही. शिट्टी वाजत नाही, फुंकर घालता येत नाही. मग त्या दोरांखालचे स्नायूही वापराविना क्षीण होत जातात.

हा आजार वैद्यकाच्या नोंदीत तसा अलीकडेच आला. १९५२ मध्ये श्वार्ट्‌झ यांनी केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये त्याचं वर्णन केलं. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशाच्या कमानींत दिसणाऱ्या याच आजाराविषयी लिहिलं. त्याची खरी भीती पुढच्या एका अभ्यासातून कळली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन गटाने केरळमधल्या एर्नाकुलम जिल्ह्यात ६६ रुग्णांचा १७ वर्षं पाठपुरावा केला. त्यातल्या पाच जणांना तोंडाचा कर्करोग झाला. १९८५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुपारी ही तंबाखूशिवायसुद्धा कर्करोगाला कारण ठरते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये प्रकाशित केलेल्या अहवालात दिला. ‘मी तंबाखू नाही खात, नुसती सुपारी खातो’ हे समाधान त्याच वेळी संपायला हवं होतं.

महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. तरी २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यातली २६.६ टक्के प्रौढ माणसं तंबाखू वापरताना आढळली आणि त्यातल्या बहुतेकांचा तंबाखू ओढायचा नव्हे, तोंडात धरायचा होता. आपल्या भागात तलफ शेताच्या बांधावर, जिनिंगच्या फाटकाशी, ट्रकच्या केबिनमध्ये आणि आता कॉलेजच्या कट्ट्यावरही सोबत असते.

काडीवर काडी

इथवर वाचून मन खचेल, म्हणून आता आशेचं बोलू. तोंडाचे स्नायू शिकवले तर शिकतात. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आपण पायाचा व्यायाम निमूटपणे करतो, तोंडाच्या बाबतीत मात्र तो विचारच मनात येत नाही. या आजाराच्या उपचारात मात्र व्यायामाला गोळ्या-इंजेक्शनांइतकाच मान आहे.

साधन अगदी साधं असतं: आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. जेवढं तोंड उघडतं तेवढ्या काड्यांची चळत दोन्ही जबड्यांच्या दाढांमध्ये ठेवायची, ताण जाणवेल पण कळ येणार नाही इतपत काही वेळ धरायची आणि सोडायची. दिवसातून अनेकदा. काही दिवसांनी त्या चळतीत एक काडी वाढते. एका काडीची जाडी जेमतेम दोन मिलिमीटर, पण रुग्णाच्या लेखी ती जिंकलेली जमीन असते. जोडीला गाल फुगवून हवा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवणं, जीभ शक्य तितकी बाहेर काढणं, ती दोन्ही गालांना आतून टेकवणं, फुगा फुगवणं. गाल फुगवणाऱ्या स्नायूच्या लॅटिन नावाचा अर्थच मुळी ‘तुतारी वाजवणारा’ असा आहे. किती काड्या आणि किती वेळा, हे दंतवैद्याने किंवा फिजिओथेरपिस्टने तोंड तपासून ठरवायचं असतं. जोर लावून तोंड उघडलं तर अस्तर फाटतं आणि जखम भरताना नवे तंतू तयार होतात.

आजार पुढे गेला असेल तर शस्त्रक्रियेने दोर कापावे लागतात. पण टेबलावर उघडलेलं तोंड पुढच्या काही महिन्यांत उघडं राहतं ते घरी केलेल्या व्यायामामुळेच. दुखतं म्हणून ज्याने व्यायाम सोडला, त्याचं तोंड पुन्हा मिटत जातं. आणि सुपारी चालू ठेवून केलेला व्यायाम म्हणजे एका हाताने दोर उलगडायचा आणि दुसऱ्या हाताने पीळ घालायचा. पुडी सुटली तर जळजळ कमी होते, आजाराची चाल मंदावते. घट्ट झालेलं अस्तर मात्र पूर्ववत मऊ होत नाही. म्हणून तीन बोटं मावत असतानाच थांबणं सगळ्यात स्वस्त.

जीभ कुठे टेकते?

तोंडाच्या स्नायूंचा श्वासाशीही जुना संबंध आहे. आता ओठ मिटून बसा आणि जीभ कुठे आहे ते पाहा. निरोगी सवयीत ती वरच्या दातांमागे टाळूला टेकलेली असते आणि श्वास नाकाने चालतो. नाकातून जाताना हवा गाळली जाते, ओलसर होते, शरीराच्या तापमानाजवळ येते. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांवर चढतो आणि कोरडी हवा चटका देते, तेव्हा या ओलाव्याची किंमत कळते. तोंडाने श्वास घेणाऱ्याची लाळ वाळते. लाळ दातांवरचं आम्ल धुऊन काढते. ती आटली की दात किडतात, हिरड्या सुजतात.

वाढत्या वयात याचा परिणाम चेहऱ्याच्या घडणीवरही होतो. संशोधक एगिल हार्वोल्ड यांनी माकडांच्या नाकपुड्या बंद करून प्रयोग केले. तोंडाने श्वास घेताना त्यांच्या जिभेची आणि जबड्याची ठेवण बदलली आणि दातांच्या रांगाही बिघडल्या. म्हणून तोंड उघडं टाकून झोपणाऱ्या मुलाला ‘तोंड मिट’ म्हणून दटावू नका. आधी त्याचं नाक, टॉन्सिल आणि नाकामागची गाठ कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तपासून घ्या. वाट मोकळी झाली तरी सवय उरते, आणि ती मोडायला ओठांचे व जिभेचे व्यायाम उपयोगी पडतात.

घोरण्याचंही तसंच. झोपेत जीभ आणि घशाचे स्नायू सैल पडले की श्वासाची वाट अरुंद होते, कधी बंदच पडते. ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या संशोधकांनी मध्यम तीव्रतेचा निद्राश्वासरोध (झोपेत वारंवार श्वास अडणं) असलेल्या ३१ रुग्णांची पाहणी केली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ज्यांनी जीभ, टाळू आणि गालांचे व्यायाम तीन महिने केले, त्यांचा श्वास तासाला सरासरी २२ वेळा अडखळायचा, तो साधारण १४ वर आला. स्वित्झर्लंडमध्ये २५ रुग्णांवरच्या अभ्यासात ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचं डिजरिडू हे लांब वाद्य काही जणांना चार महिने वाजवायला दिलं. वाजवणाऱ्यांची दिवसाची पेंग कमी झाली. साक्रीच्या पश्चिमेकडच्या पाड्यांवर रात्रभर पावरी हे फुंकवाद्य वाजवणाऱ्याचे फुगलेले गाल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्या फुंकेमागे किती स्नायू राबतात हे सांगायला नको. पण व्यायाम हा डॉक्टरांनी झोपेसाठी दिलेल्या श्वासाच्या यंत्राचा पर्याय नाही. झोपेत श्वास थांबत असेल तर आधी तपासणी हवी.

तोंड मिटून गुणगुणण्याचाही फायदा आहे. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांना २००२ मध्ये आढळलं, की गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड वायू शांत उच्छ्वासाच्या सुमारे १५ पट होतो. हा वायू रक्तवाहिन्या रुंदावतो.

शेवटी पुन्हा सुपारीकडे येऊ. आपल्याकडे सुपारीची पुडी मुलांच्या हाती मुखवास म्हणून, लग्नातल्या पाहुणचाराच्या ताटातून किंवा बाहेर टपरीवरून अगदी सहज पडते. घरातली मोठी माणसं ती प्रेमाने देतात, आणि त्यांनीच ती थांबवायला हवी. या आठवड्यात घरातल्या सगळ्यांना, आजोबांपासून शाळेतल्या नातवापर्यंत, आरशासमोर उभं करा आणि तीन बोटं मोजा. ज्याला ती मावणार नाहीत त्याला रागावू नका, तपासणीला घेऊन जा. पुढच्या थंडीत बडगीतलं भरीत ताटात पडेल तेव्हा त्याचं पान दह्यापाशी थांबू नये.