पडद्यावर दिसते ते घर, कागदावर असते ती मालकी

रविवारचे वर्तमानपत्र हाती पडताच छोट्या जाहिरातींच्या पानावर पेन्सिलीने खुणा करायच्या, इस्टेट एजंटाच्या दुकानाबाहेरील फळ्यावर खडूने लिहिलेले ‘वन रूम किचन, स्टेशनपासून सात मिनिटे’ वाचायचे आणि मग उन्हातान्हात एकेका इमारतीचे जिने चढायचे. मुंबई-पुण्याकडील मध्यमवर्गीय कुटुंबाचा घरशोध वर्षानुवर्षे असाच चालत असे. चार रविवार पायपीट केली की कुठे सात-आठ घरे पाहून होत. सात मिनिटांचे स्टेशन प्रत्यक्षात वीस मिनिटांवर असल्याचा शोधही त्याच पायपिटीत लागे.

आज ही पायपीट बोटांवर आली आहे. ‘९९एकर्स’ हे संकेतस्थळ २००५ मध्ये सुरू झाले, ‘मॅजिकब्रिक्स’ २००६ मध्ये आले. पुढे २०१२ मध्ये आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी ‘हाउसिंग’ची सुरुवात केली, तर मालक आणि ग्राहक यांची थेट गाठ घालून देण्याचा दावा करणारे ‘नोब्रोकर’ २०१४ मध्ये उभे राहिले. रात्रीचे जेवण आटोपल्यावर तासाभरात पन्नास घरे ‘पाहून’ होतात. स्वयंपाकघराची ओटी कोणत्या रंगाची आहे इथपासून खिडकीतून काय दिसते इथपर्यंत सारे काही पडद्यावर येते.

घर शोधणे सोपे झाले, हे खरेच. घर विकत घेणे मात्र तितके सोपे झालेले नाही. या दोहोंतील अंतर ध्यानात न आल्यानेच अनेकांची आयुष्यभराची पुंजी अडकते. संकेतस्थळ घर दाखवते. ते घर विकण्याचा अधिकार समोरच्या माणसाला आहे की नाही, हे ते सांगत नाही. सुदैवाने याच इंटरनेटवर सरकारी नोंदींचा मोठा साठाही खुला झाला आहे. जाहिराती पाहण्यात महिनोन्‌महिने घालवणारा ग्राहक या नोंदींकडे मात्र क्वचितच वळतो.

मालकी केव्हा बदलते?

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ सालचा आणि नोंदणी अधिनियम १९०८ सालचा. या दोन जुन्या कायद्यांनी घातलेली चौकट इंटरनेटच्या युगातही कायम आहे. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होऊ शकते. विसारपावती म्हणजे बोलणी पक्की झाल्याची खूण. साठेखत म्हणजे विकण्याचा करार. मालकी हस्तांतरित होते ती नोंदणीकृत खरेदीखताने. केवळ कुलमुखत्यारपत्र आणि साठेखत हाती ठेवून झालेल्या ‘विक्री’ने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात निःसंदिग्धपणे स्पष्ट केले.

त्यामुळे संकेतस्थळावरचे ‘बुक नाऊ’चे बटण दाबून, टोकनची रक्कम भरून आणि ई-मेलवर पावती मिळवून ग्राहकाच्या पदरी पडते ते फार तर एक आश्वासन. त्या आश्वासनामागे काय आहे, हे पैसे देण्यापूर्वीच पाहायला हवे.

एका घराच्या तीन किमती

संकेतस्थळांनी ग्राहकाच्या मनात रुजवलेला पहिला गैरसमज किमतीचा आहे. पडद्यावर दिसणारा आकडा हा विक्रेत्याच्या अपेक्षेचा आकडा असतो. एकच सदनिका चार एजंटांनी चार वेगळ्या किमतींना टाकलेली असते, कधी विकले गेलेले घर ग्राहकांचे दूरध्वनी यावेत म्हणून तसेच ठेवलेले असते. अशा जाहिरातींची सरासरी काढून ‘या भागातला भाव’ ठरवणे म्हणजे बाजारात न जाता भाजीवाल्याच्या आरोळीवरून हिशेब मांडण्यासारखे आहे.

दुसरी किंमत सरकारची. नोंदणी व मुद्रांक विभागाचे वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले रेडी रेकनरचे दर, विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. हे दर आणि करारातील रक्कम यांपैकी जी अधिक असेल तिच्यावर मुद्रांक शुल्क आकारले जाते. मुंबईत मेट्रो अधिभार धरून हे शुल्क ६ टक्के आहे. नोंदणी शुल्क १ टक्का, पण ३० हजार रुपयांच्या मर्यादेत. म्हणजे ८० लाखांच्या सदनिकेवर ४ लाख ८० हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि ३० हजार रुपये नोंदणी शुल्क असा ५ लाख १० हजारांचा बोजा जाहिरातीतील किमतीवर चढतो. निवासी घर केवळ महिलेच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एका टक्क्याची सवलत १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली.

तिसरी आणि सर्वांत बोलकी किंमत ‘सूची क्रमांक दोन’ अर्थात इंडेक्स टू मध्ये सापडते. प्रत्येक नोंदणीकृत दस्ताचा हा गोषवारा असतो. दस्ताचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, देणार-घेणाराची नावे, नोंदणीची तारीख आणि भरलेले मुद्रांक शुल्क अशी सारी माहिती त्यात असते. विभागाच्या ई-सर्च सुविधेवर मुंबईतील १९८५ पासूनच्या आणि उर्वरित महाराष्ट्रातील साधारण २००२ पासूनच्या नोंदी शोधता येतात. ज्या इमारतीत घर घ्यायचे, तिथल्या गेल्या दोन-तीन वर्षांतील व्यवहारांचे इंडेक्स टू काढले, की अपेक्षेचा आकडा आणि प्रत्यक्ष नोंदवलेला आकडा यांतील अंतर समजते. विक्रेत्यालाही याचा उपयोग आहे. शेजाऱ्याने सांगितलेल्या भावावर विसंबून अवाच्या सवा किंमत मागणारे घर महिनोन्‌महिने संकेतस्थळावर पडून राहते आणि ‘यात काही तरी गोम असावी’ असा समज मात्र करून देते.

महारेराचे पान वाचताना

नव्या प्रकल्पांबाबत ग्राहकाच्या हाती मोठे साधन आले ते १ मे २०१७ पासून. स्थावर संपदा कायद्यान्वये स्थापन झालेल्या महारेराकडे ५०० चौरस मीटरहून अधिक भूखंडावरील वा आठहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय विकासकाला जाहिरातही करता येत नाही. अशा प्रकल्पांतील घरे विकणाऱ्या एजंटालाही नोंदणी बंधनकारक आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून तर जाहिरातीत नोंदणी क्रमांकासोबत क्यूआर कोडही छापावा लागतो. मोबाइलने तो टिपला की प्रकल्पाचे पान उघडते.

या पानावर जमिनीचा मालक कोण, तिच्यावर कर्जाचा बोजा आहे काय, न्यायालयात दावे आहेत काय, मंजूर मजले किती, विकल्या गेलेल्या सदनिका किती आणि ताबा देण्याची तारीख कितव्यांदा पुढे ढकलली, हे सारे पाहता येते. क्षेत्रफळही येथे चटई क्षेत्राचेच पाहावे. ‘सुपर बिल्टअप’च्या नावाखाली जिना आणि लॉबीचा वाटा ग्राहकाच्या माथी मारण्याची जुनी रीत कायद्याने मोडीत काढली आहे. ग्राहकांकडून येणाऱ्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम विकासकाने स्वतंत्र खात्यात ठेवावी आणि ती त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च करावी, अशीही तरतूद आहे.

मात्र नोंदणी क्रमांक म्हणजे अभयपत्र नव्हे, याचा दाहक अनुभव कल्याण-डोंबिवलीने घेतला. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या सादर करून महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण २०२२ मध्ये उजेडात आले. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ही बेकायदा बांधकामे पाडण्याचा आदेश दिला, तेव्हा त्यांत घरे घेऊन राहिलेल्या कुटुंबांच्या पायाखालची जमीनच सरकली. क्रमांक खरा होता, पण ज्या कागदावर तो मिळाला तो कागद खोटा होता. म्हणूनच संकेतस्थळावर दिसणारी बांधकाम परवानगी महापालिकेच्या नगररचना विभागाकडून पडताळून घेणे, हे काम ग्राहकाने वा त्याच्या वकिलाने टाळू नये.

जुन्या घराची साखळी

पुनर्विक्रीच्या घरांना महारेराचे कवच सहसा नसते. तेथे पाहायची ती दस्तांची साखळी. विकासकाने पहिल्या ग्राहकाशी केलेल्या करारापासून आजच्या विक्रेत्यापर्यंतचा प्रत्येक दस्त नोंदणीकृत आहे काय आणि मूळ प्रती कोणाच्या ताब्यात आहेत, हे तपासावे लागते. मूळ कागद ‘हरवले’ असल्याचे सांगितले, की ते एखाद्या बँकेच्या कपाटात तर नाहीत ना, ही शंका घ्यायला जागा असते. कर्जासाठी गहाण ठेवलेल्या मालमत्तांची ‘सरसाई’ ही केंद्रीय नोंदवही २०११ पासून कार्यरत असून शुल्क भरून कोणालाही तिच्यात शोध घेता येतो. एकाच घरावर दोन-तीन बँकांकडून कर्ज उचलण्याच्या प्रकारांना आळा बसावा, हाच तिचा हेतू.

तरीही काही गोष्टी कोणत्याच संकेतस्थळावर दिसत नाहीत. वडिलांच्या निधनानंतर सोसायटीने भागपत्र एका मुलाच्या नावे केले, म्हणून तो एकटा मालक होत नाही. नामनिर्देशन झाले तरी इतर वारसांचा हक्क उरतोच. परगावी राहणाऱ्या बहिणीची संमती न घेता झालेला व्यवहार पुढे न्यायालयात जाऊ शकतो. जाणकार वकील तीस वर्षांचा शोध अहवाल तयार करतात आणि वृत्तपत्रांतून जाहीर नोटीस देऊन हरकती मागवतात, ते याचसाठी. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे काय, जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झाले आहे काय, देखभाल शुल्काची थकबाकी किती, याची उत्तरे सोसायटीच्या सचिवाकडेच मिळतात. हस्तांतरासाठी महापालिका क्षेत्रातील सोसायटीला २५ हजार रुपयांहून अधिक अधिमूल्य आकारता येत नाही, हेही विक्रेत्याने लक्षात ठेवावे.

पैसे कोणाला, किती, कसे?

नव्या प्रकल्पात नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही. ८० लाखांच्या घरासाठी ही मर्यादा ८ लाखांची. पुनर्विक्रीत अशी मर्यादा नाही. म्हणूनच विसाराची रक्कम बेताची ठेवून ती परत मिळण्याच्या अटी विसारपावतीत स्पष्ट लिहून घेणे शहाणपणाचे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास १ जून २०१५ पासून मनाई असून तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. घराची किंमत ५० लाख वा अधिक असेल तर खरेदीदाराने १ टक्का प्राप्तिकर कापून सरकारजमा करायचा असतो. ८० लाखांवर ही कपात ८० हजारांची होते. ती आपल्या पॅन क्रमांकावर जमा झाली की नाही, हे विक्रेत्याने पडताळावे.

जाहिरात टाकणाऱ्या मालकांनाही भामट्यांचा उपद्रव होतो. लष्करात असल्याचे सांगणारा कोणी घर न पाहताच पसंत करतो आणि ‘आगाऊ रक्कम पाठवतो, हा कोड स्कॅन करा’ म्हणतो. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देताना, घेताना नव्हे. एवढे एक वाक्य ध्यानी ठेवले तरी खाते रिकामे होण्याचे टळते.

साता समुद्रापारचा खरेदीदार

अमेरिकेत वा आखातात नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांना इंटरनेटने पुण्यातील घर व्हिडिओवर दाखवले. त्यांना निवासी घर घेता येते; शेतजमीन वा फार्महाऊस मात्र विकत घेता येत नाही. नोंदणीसाठी येणे शक्य नसेल तर तेथील भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र करून ते विश्वासू नातेवाइकाच्या नावे पाठवावे लागते आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर योग्य मुद्रांक शुल्क भरावे लागते. विक्रेता अनिवासी असेल तर करकपातीचा हिशेब वेगळा असतो. ती १ टक्क्यावर थांबत नाही, हे खरेदीदाराने व्यवहार ठरवण्यापूर्वीच सल्लागाराकडून समजून घ्यावे.

पुनर्विक्रीच्या खरेदीखतासाठी आजही देणारा-घेणारा दुय्यम निबंधकासमोर उभे राहतात. छायाचित्र निघते, अंगठा उमटतो आणि मग दस्ताला क्रमांक पडतो. त्या खोलीत शिरण्यापूर्वी एक संध्याकाळ ई-सर्च, महारेरा आणि सरसाईच्या पानांवर घालवणे, एक सकाळ महापालिकेत आणि सोसायटीच्या कार्यालयात घालवणे आणि वकिलाच्या शुल्कात काटकसर न करणे, एवढेच ग्राहकाच्या हाती असते. वीस वर्षांच्या हप्त्यांपुढे हा वेळ आणि हा खर्च अगदीच किरकोळ आहे.