चिप बोर्डवर बसली, पण प्रोग्राम जात नाही? आधी हे तपासा

सुटी चिप सॉकेटमध्ये ठेवली की दोन सेकंदांत प्रोग्राम होते. तीच चिप बोर्डवर सोल्डर केली, की प्रोग्रामर म्हणतो, 'डिव्हाइस सापडत नाही'. बेळगावचा उद्यमबाग असो, कोल्हापूरची शिरोली असो की गोव्यातलं वेर्णा, कंट्रोल बोर्ड हाताळणाऱ्यांना हा अनुभव काही नवा नाही. मग चिपच खराब म्हणून ती काढली जाते, त्यात ट्रॅक उखडतो आणि चांगला बोर्ड भंगारात जातो. खरं तर बऱ्याचदा चिप धडधाकट असते.

आधी जिवाची गोष्ट. पंप स्टार्टर, टायमर अशा स्वस्त बोर्डवर अनेकदा ट्रान्सफॉर्मर नसतो. कपॅसिटर लावून थेट २३० व्होल्टमधून ५ व्होल्ट काढलेले असतात. अशा बोर्डचा 'ग्राउंड' फेजला जोडलेला असू शकतो. मेन चालू ठेवून त्याला लॅपटॉप जोडला, तर लॅपटॉप जाईलच, माणूसही जाऊ शकतो. मेन पूर्ण काढा, मोठे कपॅसिटर रिकामे होऊ द्या आणि बोर्डला वेगळ्या सप्लायवरून वीज द्या.

आता मीटर घ्या आणि थेट चिपच्या पायांवर व्होल्टेज मोजा, कनेक्टरवर नको. बोर्डवर रिले, डिस्प्ले असतील तर प्रोग्रामरचा तुटपुंजा सप्लाय खाली बसतो. बोर्ड ३.३ व्होल्टचा असेल तर ५ व्होल्टचा प्रोग्रामर लावूच नका. ग्राउंडची वायर जोडली आहे ना, हेही बघा. हसू येईल, पण ही चूक सर्रास होते.

एटमेगा३२८पी ही सगळ्यांच्या ओळखीची चिप घेऊ. तिला मोसी, मिसो, एससीके आणि रिसेट या चार तारांतून प्रोग्राम मिळतो. बोर्डवर याच पायांना दुसरंही काही जोडलेलं असतं: एलईडी, ऑप्टोकपलर, नाहीतर एखादी एसपीआय मेमरी. ती मेमरी मिसोवर मध्येच बोलू लागली, की प्रोग्रामरला चिपचं उत्तर नीट ऐकू येत नाही. बरोबर ओळख क्रमांक १ई ९५ ०एफ असा येतो; त्याऐवजी सगळे शून्य किंवा सगळे एफएफ दिसले, तर संशय आधी तारांवर आणि सप्लायवर घ्यावा. दर वेळी वेगळाच आकडा आला, तर वेग किंवा गोंगाट. उपाय म्हणजे मेमरीची चिप सिलेक्ट रेषा रेझिस्टरने वर ओढून तिला गप्प करणं, आणि बाकीच्या लोडकडे जाणाऱ्या रेषेत साधारण १ किलोओहमचा रेझिस्टर घालणं. प्रोग्रामर मात्र चिपच्या बाजूलाच जोडायचा.

रिसेटवर मोठा कपॅसिटर असेल तर तो पाय वेळेवर खाली जात नाही. बोर्डवर स्वतंत्र वॉचडॉग चिप असेल, तर ती रिसेटच्या रेषेवर प्रोग्रामरला अडथळा आणू शकते. तेवढ्यापुरती तिची रेषा तोडावी लागते.

वेगाचं गणित फार जण विसरतात. नवी एटमेगा १ मेगाहर्ट्झवर चालते आणि प्रोग्रामिंगचा क्लॉक त्याच्या एक चतुर्थांशाहून कमी, म्हणजे २५० किलोहर्ट्झच्या खाली लागतो. एव्हीआरड्यूडमध्ये 'मायनस कॅपिटल बी १०' दिलं की वेग १०० किलोहर्ट्झच्या आसपास येतो. चिपचा फ्यूज बाहेरच्या क्रिस्टलवर गेला आणि बोर्डवर क्रिस्टलच नसेल, तर चिप मेल्यासारखी वागते. एक्सटाल१ पायाला बाहेरून क्लॉक द्या, ती उठते. रिसेटचाच फ्यूज बंद केला असेल, तर मात्र या चार तारांनी काम होणार नाही. हाय व्होल्टेज प्रोग्रामर लागतो.

एसटीएम३२ मध्ये आतला प्रोग्रामच डीबगचे पाय दुसऱ्या कामाला लावतो किंवा चिपला झोपवतो. तिथे रिसेटची तार जोडून 'कनेक्ट अंडर रिसेट' निवडावं.

दुरुस्तीवाल्यांनी आणखी एक जपावं. कंपनीने लॉक बिट लावले असतील, तर आतला प्रोग्राम वाचता येत नाही. ते लॉक फक्त चिप इरेजने निघतं आणि त्यासोबत प्रोग्रामही जातो. एव्हीआरड्यूड नवा प्रोग्राम लिहिताना आधी इरेज आपोआपच करतो. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या जुन्या बोर्डवर चाचणी म्हणून एलईडी लुकलुकवण्याआधी मूळ हेक्स फाइल हातात आहे का, ते विचारून घ्यावं.