थांबलेल्या कामाचा हिशेब

घरासाठी कर्ज घेतलेल्या आपल्या ग्राहकांना बांधकामातील दिरंगाईची किंमत समजावून सांगण्याची गरज नाही. इमारत जसजशी उभी राहते, तसतशी कर्जाची रक्कम टप्प्याटप्प्याने वितरित होते. ताबा मिळेपर्यंत मात्र अनेकांना घरभाडे आणि कर्जावरील व्याज असा दुहेरी भार सोसावा लागतो. ३० लाख रुपये वितरित झाले असतील आणि व्याजदर ९ टक्के धरला, तर एका महिन्याच्या विलंबाचे व्याजच २२,५०० रुपये होते.

मॅकिन्से ग्लोबल इन्स्टिट्यूटच्या २०१७ च्या अहवालानुसार, त्याआधीच्या दोन दशकांत बांधकाम क्षेत्राची श्रम-उत्पादकता जगभरात वर्षाला सरासरी अवघ्या १ टक्क्याने वाढली. कारखानदारीत हाच वेग ३.६ टक्के होता. यावरून गवंडी आळशी ठरत नाही. (तसे वाटणाऱ्यांनी मे महिन्याच्या दुपारी स्लॅबवर उभे राहून पाहावे.) वेळ जातो तो वाट पाहण्यात आणि केलेले काम पुन्हा करण्यात. वाळू वेळेवर येत नाही, नकाशातील बदल साइटवर पोहोचत नाही, नळजोडणी अपुरी असतानाच गिलावा होतो आणि तीच भिंत पुन्हा फोडावी लागते.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा खरा उपयोग येथे आहे. इस्रायलमधील बिल्डॉट्ससारख्या कंपन्या हेल्मेटवर सर्व दिशांचे चित्रण करणारा कॅमेरा बसवतात. अभियंता नेहमीची फेरी मारत असताना खोल्यांचे चित्रण होत जाते आणि संगणक ते इमारतीच्या त्रिमितीय आराखड्याशी ताडून पाहतो. कोणत्या भिंतीत वायरिंगची नळी राहून गेली, कोणता मजला वेळापत्रकाच्या मागे पडला, हे भिंत बुजण्यापूर्वीच ध्यानी येऊ शकते.

अर्थात, आराखडाच अद्ययावत नसेल तर संगणक तरी कशाशी ताडणार? आपल्याकडील अनेक लहान बांधकामांचा हिशेब आजही मुकादमाच्या वहीत असतो. तेथे ही यंत्रणा सहजी रुजणार नाही. शिवाय कॅमेरा भिंतीकडे पाहतो की मजुराकडे, हा प्रश्न उरतोच. मजुराच्या विसाव्याची मिनिटे मोजण्यासाठी त्याचा वापर झाला, तर वाळूचा ट्रक काही लवकर येणार नाही.

बँकेच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. स्थावर संपदा कायदा, २०१६ नुसार, ग्राहकांकडून मिळालेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम विकासकाला त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते. पूर्ण झालेल्या कामाच्या प्रमाणातच, अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांनी प्रमाणित केल्यावर ती काढता येते. कामाची तारीखवार चित्रनोंद हाताशी असेल, तर प्रमाणपत्रावरील टक्केवारी पडताळणे सोपे होईल. जबाबदारी मात्र सही करणाऱ्याचीच राहील. ती संगणकाकडे सोपवता येणार नाही.