लष्कराच्या निवृत्त ट्रकची नागरी नोंदणी

घटकाची उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी सांगता येतील :
• लष्करी वाहनाला आरटीओचा क्रमांक का नसतो;
• असे वाहन खासगी मालकाकडे आल्यावर कायद्याच्या दृष्टीने त्याचे काय होते;
• नोंदणीसाठी कोणती कागदपत्रे लागतात आणि अर्ज कुठे अडतो;
• नोंदणी नाकारली गेल्यास कोणता उपाय उरतो.

१. प्रस्तावना

जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने जबलपूरला बनणारा ‘शक्तिमान’ ट्रक अनेक वर्षे भारतीय लष्कराची ओझी वाहत होता. १९९६ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. पुढे ती जागा अशोक लेलँडचा ‘स्टॅलियन’ आणि टाटांचे ट्रक यांनी घेतली. सेवेतून काढलेली अशी वाहने लिलावाने विकली जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याकडे उरलेल्या गाड्या अशाच विकल्या गेल्या होत्या. ‘डिस्पोजलची गाडी’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे रुळला तो अशा विक्रीतून. आता हे लिलाव बहुतांशी ऑनलाइन होतात. १९६४ मध्ये स्थापन झालेली एमएसटीसी ही सरकारी कंपनी त्यांतली परिचित संस्था आहे.

मजबूत सांगाडा आणि चारही चाकांना मिळणारी ताकद, यांमुळे कंत्राटदार आणि हौशी संग्राहक या ट्रककडे ओढले जातात. पण लिलावात पैसे भरून मिळतो तो फक्त ट्रक. तो रस्त्यावर चालवण्याचा हक्क वेगळा मिळवावा लागतो. या घटकाचा मुख्य मुद्दा हाच आहे.

उदाहरणासाठी आपण भिलाईत राहणारा एक खरेदीदार धरू. भिलाई छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यात येते. तिथल्या वाहनांवर ‘सीजी ०७’ ही अक्षरे दिसतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा केंद्रीय कायदा असल्यामुळे खालील बहुतेक विवेचन तुमच्या राज्यालाही लागू पडेल.

२. लष्करी क्रमांकाचा आधार

लष्करी वाहनाच्या पाटीवर आधी वर टोक असलेला बाण असतो. त्यानंतर वाहन दाखल झाल्याच्या वर्षाचे दोन अंक, वर्गाचे अक्षर, अनुक्रमांक आणि शेवटी एक अक्षर येते. राज्याचे नाव त्यात कुठेच नसते, कारण हा क्रमांक राज्याच्या आरटीओने दिलेला नसतो.

याचा आधार अधिनियमाच्या कलम ६० मध्ये आहे. केंद्र सरकारच्या मालकीचे किंवा पूर्ण नियंत्रणाखालचे आणि देशाच्या संरक्षणासाठी वापरले जाणारे वाहन केंद्राने नेमलेला प्राधिकारी नोंदवू शकतो. जोवर ती मालकी किंवा ते नियंत्रण टिकते, तोवर दुसऱ्या कोणत्याही नोंदणीची गरज नाही. ‘जोवर’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे.

३. हस्तांतरण नव्हे, नवी नोंदणी

कलम ६० चे पोटकलम ३ सांगते की असे वाहन केंद्र सरकारच्या मालकीचे किंवा नियंत्रणाखालचे राहिले नाही, की त्याला कलम ३९ आणि ४० लागू होतात. कलम ३९ नुसार नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. कलम ४० नुसार, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, मालकाला आपल्या राज्यातील कोणत्याही नोंदणी प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

हा फरक नीट लक्षात घ्या. पोलिसांची जुनी जीप लिलावात घेतली, तर तिचा आरटीओ क्रमांक आधीपासून असतो. तिथे कलम ५० नुसार फक्त मालकाचे नाव बदलते आणि त्यासाठी नमुना ३२ मध्ये अर्ज करतात. लष्करी ट्रकच्या बाबतीत बदलायला आरटीओच्या नोंदवहीत आधीची नोंदच नसते. वीस वर्षे देशभर फिरलेला ट्रक सरकारी मालकीतून बाहेर पडला, की कायद्यापुढे बिननोंदणीचा ठरतो. म्हणून भिलाईच्या खरेदीदाराने नाव बदलण्याचा अर्ज केला, तर तो मुळातच चुकीचा ठरेल.

४. अर्ज आणि कागदपत्रे

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ४७ नुसार अर्ज नमुना २० मध्ये करायचा असतो. मुदत ताबा मिळाल्यापासून सात दिवसांची आहे. प्रवासाचे दिवस त्यातून वगळले जातात. वाहन नवे, माजी लष्करी की आयात केलेले, हे या नमुन्यातच विचारलेले असते. म्हणजे हा मार्ग आडवाटेचा नाही, नियमांनीच आखून दिलेला आहे. मुख्य कागद असे :

• नमुना २१ मधील मूळ विक्री प्रमाणपत्र. नव्या गाडीसाठी ते विक्रेता देतो. माजी लष्करी वाहनासाठी ते संबंधित लष्करी प्राधिकाऱ्याकडूनच यावे लागते.
• वैध विमा. कलम १४६ नुसार किमान तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे.
• पत्त्याचा पुरावा आणि ठरलेले शुल्क.

समजा, ट्रक पहिल्या बोलीदाराकडून दुसऱ्याने आणि दुसऱ्याकडून तुम्ही घेतला, पण मधल्या कोणीही नोंदणी केली नाही. अशा वेळी विक्री प्रमाणपत्रावर नाव पहिल्याचे आणि अर्ज तुमचा, अशी स्थिती होते. साध्या विक्रीपावतीने ही दरी भरत नाही. म्हणून पहिल्या खरेदीदाराच्या नावाने आधी नोंदणी झाली असेल, तरच पुढचा व्यवहार सरळ होतो.

ट्रक डेपोतून घरी आणतानाही तो बिननोंदणीचाच असतो. म्हणून तो ट्रेलरवर लादून आणावा, किंवा कलम ४३ नुसार तात्पुरती नोंदणी आणि विमा घेऊन मगच चालवावा.

५. वाहनाची तपासणी

कलम ४४ नुसार वाहन प्रत्यक्ष तपासणीसाठी हजर करावे लागते. अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या नव्या गाडीला २०१९ च्या दुरुस्तीनुसार यातून सूट आहे. लिलावातल्या ट्रकला ती मिळत नाही.

सर्वांत जास्त अडचण क्रमांकांची येते. लष्करी वर्कशॉपमध्ये मोठ्या दुरुस्तीच्या वेळी इंजिन बदलले जाते. त्यामुळे कागदावर एक इंजिन क्रमांक आणि गाडीत दुसरा, असे घडू शकते. चासीचा क्रमांक गंजलेला किंवा रंगाखाली दबलेला असतो. हे तपशील जुळले नाहीत, तर चोरीच्या वाहनाचा संशय घेण्यास अधिकाऱ्याला जागा मिळते. म्हणून ताबा घेण्यापूर्वीच दोन्ही क्रमांक कागदाशी ताडून पाहावेत आणि दुरुस्ती हवी असल्यास ती डेपोकडूनच करून घ्यावी.

कलम ४५ नुसार वाहन चोरीचे असल्याचा सबळ संशय, यांत्रिक दोष किंवा चुकीची माहिती या कारणांनी नोंदणी नाकारता येते. मात्र कारणे लेखी द्यावी लागतात. त्या आदेशाची सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत कलम ५७ खाली अपील करता येते.

६. वर्ग, कर आणि रंग

ट्रक मालवाहतुकीसाठीच बांधलेला असल्याने तो ‘परिवहन वाहन’ या वर्गात जातो. मग कलम ५६ चे योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे फिटनेस, सक्तीचे होते. भाड्याने माल वाहायचा असेल, तर परमिटही लागते. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी २०२१ मध्ये ‘विंटेज’ नोंदणी सुरू झाली, पण ती दुचाकी आणि प्रवासी चारचाकी यांच्यापुरती आहे. जुना शक्तिमान त्यात बसत नाही.

राज्यघटनेच्या दृष्टीने हा एक ट्रक तीन सूच्यांना स्पर्श करतो. संरक्षण हा संघसूचीचा विषय आहे. यांत्रिक वाहने समवर्ती सूचीच्या नोंद ३५ मध्ये आणि वाहनांवरील कर राज्यसूचीच्या नोंद ५७ मध्ये येतात. त्यामुळे नोंदणीचे नियम देशभर सारखे असले, तरी कराची रक्कम राज्याप्रमाणे बदलते.

आणखी एक गोष्ट. नियम १२१ नुसार लष्करी हिरवा रंग फक्त संरक्षण विभागाच्या वाहनांना वापरता येतो. हौशी मालकाला हा रंग कितीही आवडला, तरी तो बदलावाच लागतो.

७. बोली लावण्यापूर्वी

पुढील तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळवा.

(अ) लॉट चालू वाहन म्हणून विकला जात आहे की भंगार म्हणून? १ एप्रिल २०२३ पासून सरकारी वाहनांची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि ती नोंदणीकृत भंगार केंद्राकडे जातात. देशाच्या संरक्षणातील मोहिमांसाठी वापरली जाणारी विशेष वाहने याला अपवाद आहेत. भंगाराच्या लॉटमधून तुम्हांला लोखंड आणि सुटे भाग मिळतात, रस्त्यावर चालणारी गाडी नाही.

(आ) नमुना २१ मिळेल का, आणि त्यावर उत्पादनाचा महिना व वर्ष असेल का? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशाने १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-४ वाहनांची विक्री व नोंदणी थांबली. म्हणून जुन्या इंजिनाच्या ट्रकबाबत आपल्या आरटीओचे मत आधीच घ्या.

(इ) ट्रक कुठे चालवायचा आहे? दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांवर निर्बंध आहेत.

८. नोंदणीविना चालवल्यास

कलम १९२ नुसार पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पुन्हा गुन्हा घडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण खरा धोका विम्यात आहे. नरिंदर सिंग विरुद्ध न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स या खटल्यात तात्पुरत्या नोंदणीची मुदत ११ जानेवारी २००६ रोजी संपली आणि अपघात २ फेब्रुवारीला झाला. विमा चालू होता. तरीही नोंदणीविना वाहन वापरणे हा विमा कराराचा मूलभूत भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवले आणि मालकाला भरपाई मिळाली नाही. अवघ्या बावीस दिवसांच्या ढिलाईची ही किंमत होती.

९. सारांश

लष्करी क्रमांक सरकारी मालकीला जोडलेला असतो. मालकी संपली की तो संपतो. म्हणून निवृत्त ट्रकचे हस्तांतरण होत नाही, नवी नोंदणी होते. तिचा पाया म्हणजे लष्करी प्राधिकाऱ्याचे मूळ विक्री प्रमाणपत्र आणि त्याच्याशी जुळणारे चासी व इंजिन क्रमांक. यंत्र दुरुस्त करता येते; तुटलेली कागदांची साखळी नंतर जोडणे फार कठीण असते.

स्वाध्याय

१. कलम ५० आणि कलम ६०(३) यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. एकाच ट्रकचा संबंध राज्यघटनेतील तीन सूच्यांशी कसा येतो?
३. विक्री प्रमाणपत्रावर एक इंजिन क्रमांक आणि गाडीत दुसरा आहे. खरेदीदार म्हणून तुम्ही कोणती पावले, कोणत्या क्रमाने उचलाल?