नवापूरचा बाक आणि सातपुड्याचे जंगल

नवापूरच्या रेल्वे स्टेशनवर एक बाक आहे, अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये. सुरत-भुसावळ मार्गावरचे प्रवासी हौसेने त्याचा फोटो काढतात. तिकीट खिडकी आपल्याकडे, स्टेशन मास्तरांचे कार्यालय गुजरातकडे आणि गाडीची घोषणा मराठी, गुजराती, हिंदी व इंग्रजी अशा चार भाषांत. इतके असूनही सीमेमुळे कधी गाडी अडल्याचे ऐकले नाही, कारण दोन्हीकडची रेल्वे एकच आहे. याच नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या जंगलातूनही अशीच सीमा जाते. तिथे मात्र मामला वेगळा आहे.

वर्गात महाराष्ट्राचा कोरा नकाशा देऊन वने रंगवायला सांगितली की मुले धडगाव-अक्कलकुव्यापर्यंत हिरवा खडू फिरवतात आणि रेषेवर थांबतात. पलीकडे कागद पांढराच असतो, त्यांचा काय दोष? यंदा एका मुलीने विचारले, "टीचर, लकीर के बाद जंगल खतम हो जाता क्या?"

नाही बेटा, होत नाही. उत्तरेला नर्मदा हीच आपली सीमा. तिच्या पलीकडे मध्य प्रदेशातील अलिराजपूर आणि गुजरातमधील छोटा उदेपूर. अक्कलकुवा हे नाव आपल्या अनेक वाचकांना तिथल्या जामिया इशाअतुल उलूममुळे ठाऊक असेल. त्या तालुक्यातले डोंगर पश्चिमेला ओलांडले की गुजरातचे शूलपाणेश्वर अभयारण्य लागते. अस्वलाला, बिबट्याला ही तीन राज्ये ठाऊक नाहीत. खरे तर रेषाही फार जुनी नाही. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली तेव्हा पश्चिम खानदेशातील १५६ गावे गुजरातेत गेली. राज्य बदलले, सोयरिकी तशाच राहिल्या. आजही दिवाळीत अस्तंबा डोंगराच्या यात्रेला तिन्ही राज्यांतून आदिवासी बांधव चढून येतात.

राज्यांना एकत्र बसता येत नाही असेही नाही. १९७९ मध्ये नर्मदा जलविवाद लवादाने निवाडा दिला आणि पाण्याचा थेंब न् थेंब वाटला गेला. सरदार सरोवराच्या विजेचे ५७ टक्के मध्य प्रदेशला, २७ महाराष्ट्राला, १६ गुजरातला. त्याच प्रकल्पात १३,३८५ हेक्टर जंगल गेले, त्यातले ६,४८८ हेक्टर, म्हणजे जवळजवळ निम्मे, आपल्या महाराष्ट्राचे. पुढे विस्थापितांना जमीन द्यायची म्हणून तळोद्याचे जंगलही मोकळे केले गेले. विस्थापितांना जमीन मिळायलाच हवी होती, यात वाद नाही. पण बदल्यातले काही वनीकरण थेट कच्छमध्ये झाले! सातपुड्याच्या उताराला कच्छमधल्या झाडांची सावली कशी मिळणार?

हवामान बदलाच्या काळात हे जास्त बोचते. झाडाचे खोड, मुळे आणि खालची माती वर्षानुवर्षे कार्बन धरून ठेवतात. २०३० पर्यंत जंगल व झाडे वाढवून आणखी अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषून घेऊ, असे वचन भारताने जगाला दिले आहे. त्या हिशेबात राज्याची सीमा नसते. एका उतारावर दहा वर्षांत साठवलेले दुसऱ्या उतारावरच्या वणव्यात एका दुपारी उडून जाते.

आपल्याकडे वणव्याचे दिवस फेब्रुवारी ते मे. मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, वारा सुटतो आणि आग डोंगर चढते. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आग टिपून मोबाइलवर सूचना पाठवते, पण ज्या बीटात आग, त्या बीटाच्या कर्मचाऱ्याला. तळोद्याचा मेवासी वनविभाग आणि पलीकडचा गुजरातचा वनविभाग यांची कार्य आयोजना वेगवेगळी, वरिष्ठ वेगळे. आग मात्र एकच. जाळरेषा दोन्हीकडून एकाच आठवड्यात काढल्या, दोन्हीकडच्या वनरक्षकांकडे एकमेकांचे नंबर असले, दोन्ही काठांच्या ग्रामसभा मोह फुलण्याआधी एकदा एकत्र बसल्या, तर यासाठी ना लवाद लागेल, ना मोठा निधी.

जगात याहून अवघड ठिकाणी हे होते आहे. काठमांडूत १९८३ पासून हिंदुकुश-हिमालयाच्या पर्वतप्रदेशासाठी एक केंद्र चालते. त्याचे सदस्य आठ देश, त्यांत भारत, पाकिस्तान आणि चीनही. युरोपातल्या कार्पेथियन पर्वतासाठी सात देशांनी २००३ मध्ये करार केला. मग एका देशाच्या तीन राज्यांना इतके जड का जावे?

एक भीती मात्र आहे. जंगल राखायचे म्हटले की पहिला दंडुका गरिबावर पडतो. इथे आपल्याच इतिहासातली 'हिमा' आठवते. इस्लामपूर्व अरबस्तानात बडे सरदार चांगले कुरण स्वतःसाठी राखून ठेवत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती मक्तेदारी मोडली आणि हिमा सार्वजनिक हितासाठी राखली. मदिनेच्या हरम हद्दीत झाडे तोडण्यास आणि शिकारीस त्यांनी मनाई केली. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी राखणदार नेमताना त्याला बजावले की थोडी जनावरे असलेल्या गरिबाला आत येऊ दे, धनवंतांच्या कळपांना रोख; कारण त्यांची जनावरे मेली तरी त्यांच्याकडे बागा आणि शेते आहेत, गरिबाकडे काही नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यातही ग्रामसभेला आपले सामूहिक वन राखण्याचा आणि वापरण्याचा हक्क मिळाला आहे. मोह, चारोळी, तेंदूपाने मिळाली तर धडगावचे कुटुंब लेकरे घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जाण्याआधी दोनदा विचार करेल. आणि ज्याचे पोट जंगलावर, तोच वणवा विझवायला आधी धावतो.

यंदा मी महाराष्ट्राचा कोरा नकाशा दिलेला नाही. तीन राज्यांचे तुकडे डिंकाने चिकटवून एक मोठा कागद केला आहे. जोड जरा वाकडा बसलाय. ज्या मुलांचे आजोळ पलीकडे आहे, त्यांनी विचारून यायचे आहे की तिकडे मोह कधी गळतो आणि आग लागली तर कोणाला हाक मारतात. उत्तरे आली की त्याच कागदावर लिहू.