प्रेमकथालेखकाची रोजी

आमच्या महाविद्यालयाच्या शिक्षककक्षात मधूनमधून वाङ्मयचर्चा रंगते आणि ती रंगली म्हणजे प्रेमकथा लिहिणाऱ्या कादंबरीकारांची तीत हटकून टिंगल होते. 'एक वाचली की सगळ्या वाचल्या' हा त्या चर्चेचा ठरलेला निष्कर्ष. निष्कर्ष काढणाऱ्यांपैकी कित्येकांनी या कादंबऱ्या वाचलेल्या नसतात, किंवा वाचल्याचे त्यांना कबूल करावयाचे नसते. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्र शिकवतो. वाङ्मयीन गुणवत्तेचा निवाडा करण्याचा त्याला अधिकार नाही. परंतु ज्या वस्तूला समाजात इतकी मागणी आहे, तिचा उत्पादक जगतो कसा, दिवसाचे किती तास राबतो आणि त्याच्या श्रमाचे मोल कोण ठरवतो, हे प्रश्न निश्चितच अर्थशास्त्राच्या कक्षेत येतात.

या प्रश्नांकडे माझे लक्ष वेधले ते एका चिठ्ठीने. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात एक जुनी, दोनदा बांधणी केलेली प्रेमकथा हाती आली. तिच्या अखेरच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर परतीच्या तारखांचे शिक्के होते. सहज मोजले, ते ९४ भरले. ग्रंथपाल म्हणाले, "सर, ही तिसरी चिठ्ठी आहे. आधीच्या दोन भरल्या, म्हणून काढून टाकल्या." म्हणजे त्या एका प्रतीने निदान दोन-अडीचशे घरांचा प्रवास केला होता. लेखिका याच गावच्या. शिकवण्या करून त्यांनी संसार चालवला, असे ग्रंथपालांकडूनच कळले. दोनशे रुपये किमतीच्या पुस्तकावर दहा टक्के रॉयल्टी धरली तर लेखकाला एका प्रतीमागे वीस रुपये मिळतात, तेही एकदाच. अडीचशे वाचकांत ते वाटले तर दर वाचकामागे आठ पैसे होतात. वाचनालयाला वर्गणी मिळाली, बांधणी करणाऱ्याला दोनदा मजुरी मिळाली. जिच्यामुळे हे सारे घडले तिच्या पदरी दर वाचनामागे आठ पैसे!

सोफ्यावरची कारखानदारी

प्रेमकथालेखन म्हणजे फावल्या वेळचा उद्योग, असा एक समज आहे. या व्यवसायातील सर्वांत गाजलेले उदाहरण पाहिले तर हा समज टिकत नाही. ब्रिटनच्या बार्बरा कार्टलंड (१९०१-२०००) यांच्या नावावर ७२३ पुस्तके आहेत आणि एकाच वर्षात २३ कादंबऱ्या लिहिण्याचा विक्रमही. त्यांची दिनचर्या प्रसिद्ध आहे. दुपारच्या जेवणानंतर त्या सोफ्यावर पडत, पायाशी गरम पाण्याची पिशवी, शेजारी कुत्रा, आणि पाठीमागे चिटणीस लघुलिपीत टिपून घेत असे. एका बैठकीत सहा-सात हजार शब्द, म्हणजे जवळपास एक प्रकरण, सांगून होई. रोजचा हा शिरस्ता मोडला नाही, तर पंधरवड्याला एक कादंबरी तयार होते. यात प्रतिभा किती हे समीक्षकांनी सांगावे. शिस्त किती हे मात्र कोणाही कारकुनाला वा शिक्षकाला समजण्यासारखे आहे.

परंतु केवळ लिहून भागत नव्हते. कार्टलंडबाईंनी वृत्तपत्रातील समाजवार्तांपासून सुरुवात केली होती, त्यामुळे प्रसिद्धीचे यंत्र कसे चालते हे त्यांना अचूक ठाऊक होते. डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी वेश, दूरचित्रवाणीवरील हजेरी, कोणत्याही विषयावर बेधडक मत हा त्यांच्या धंद्याचाच भाग होता. लोक हसत, पण हसणाऱ्यांनाही नाव पाठ होई. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर एकसारख्या दिसणाऱ्या शेकडो वस्तूंच्या बाजारात आपली वस्तू वेगळी दाखवण्यासाठी उत्पादकाला जी किंमत मोजावी लागते, ती त्यांनी स्वतःच्या व्यक्तित्वाच्या रूपाने मोजली.

ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी दुसरा मार्ग असतो. तो म्हणजे स्वतःचे नाव मागे ठेवून कंपनीच्या नावाने विकले जाण्याचा. लंडनमध्ये १९०८ साली स्थापन झालेली मिल्स अँड बून ही संस्था आरंभी सर्व प्रकारची पुस्तके काढी. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात तिने प्रेमकथांवर भर दिला, कारण दोन पेन्स घेऊन पुस्तक वाचावयास देणारी खासगी वाचनालये गल्लोगल्ली निघाली होती आणि त्यांना अशा पुस्तकांचा सतत पुरवठा हवा होता. ही वाचनालये मावळल्यावर संस्था कागदी बांधणीच्या स्वस्त आवृत्त्यांकडे वळली आणि १९७१ मध्ये कॅनडातील हार्लेक्विन कंपनीत विलीन झाली. हार्लेक्विनची सूत्रे त्या सुमारास लॉरेन्स हायसी यांच्याकडे होती. ते आले होते साबण विकणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलमधून! साबणाची वडी घेताना गिऱ्हाईक कारागिराचे नाव विचारत नाही, ते छाप पाहते. तीच रीत कादंबरीला लागू झाली. वाचकाला हमखास माल मिळाला, लेखिकेला हमखास प्रकाशक मिळाला. मात्र सौदा करण्याची तिची ताकद त्या प्रमाणात घटली, हेही उघड आहे.

आपल्याकडचे चित्र

मराठीत प्रेमकथेची परंपरा लहान नाही. ना. सी. फडके (१८९४-१९७८) यांनी सत्तरहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या आणि १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. परंतु फडके कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, ही गोष्ट लेखनाच्या अर्थकारणात दुर्लक्षिण्याजोगी नाही. मराठी कादंबरीला शाळा-महाविद्यालयांच्या पगारपत्रकांनी किती पोसले आहे, याचा हिशेब कधीतरी मांडावयास हवा. ज्यांना असा आधार नसतो त्यांना संख्येवर जगावे लागते, आणि संख्येवर जगणाऱ्याला जोखीमही अधिक. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या एका दिवाळी अंकात आली. अश्लीलतेच्या आरोपावरून तिच्यासाठी त्यांना थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. १९६९ मध्ये ते निर्दोष ठरले, पण दरम्यानची वर्षे गेली ती गेलीच. त्याच १९६९ साली त्यांच्या 'नीलांबरी'वरून निघालेला 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट देशभर गाजला. एकाच लेखकाच्या वाट्याला एकाच वर्षी न्यायालय आणि रुपेरी पडदा दोन्ही यावेत, यावरून या पेशाच्या उत्पन्नातील अनिश्चितता ध्यानात यावी.

आजची लेखिका, आजचा बाजार

आज परिस्थिती बदलली आहे, असे सांगण्यात येते आणि ते काही अंशी खरे आहे. २००७ मध्ये अॅमेझॉनने किंडल आणले आणि त्याबरोबर प्रकाशकावाचून पुस्तक काढण्याची सोयही. ठरावीक किमतीच्या मर्यादेत लेखकाला सत्तर टक्क्यांपर्यंत वाटा मिळू लागला. याचा लाभ सर्वांत आधी ज्यांनी उठवला त्यांत प्रेमकथालेखिका होत्या. कॉलीन हूव्हर या टेक्सासमधील समाजसेविकेने २०१२ साली पहिली कादंबरी स्वतःच प्रकाशित केली. तिची २०१६ मधील 'इट एंड्स विथ अस' ही कादंबरी तर काही वर्षांनी, तरुण वाचकांनी स्वतः तयार केलेल्या छोट्या चित्रफितींच्या जोरावर, नव्याने विक्रीच्या शिखरावर पोहोचली.

अशा एका यशामागे न दिसणाऱ्या शेकडो जणी असतात. त्यांचा दिवस कसा जातो? सकाळी घरची कामे उरकण्याआधी किंवा नोकरीवर जाण्यापूर्वी हजार-दोन हजार शब्द. मग मुखपृष्ठ काढणाऱ्याशी बोलणी, मुद्रिते तपासणे, वाचकांना पत्रे, अभिप्रायासाठी फुकट प्रती पाठवणे, जाहिरातीवर काल किती खर्च झाला आणि त्यातून किती प्रती गेल्या याचा ताळा. पूर्वी प्रकाशक, वितरक आणि विक्रेता मिळून जी कामे करीत ती आता लेखिकेच्या एकटीच्या शिरावर आली. सत्तर टक्के वाटा मोठा दिसतो तो यामुळेच. त्यात तीन माणसांची मजुरी सामावलेली आहे.

याच कंपनीने २०१४ मध्ये वर्गणी भरून हवी तितकी पुस्तके वाचण्याची योजना काढली. हे नव्या रूपातले फिरते वाचनालयच. जुलै २०१५ पासून या योजनेत लेखकाला मोबदला मिळतो तो वाचल्या गेलेल्या पानांच्या हिशेबाने. ग्रंथालयातून वाचलेल्या पुस्तकालाही दर वाचनाचे मोल आहे, हे तत्त्व येथे मान्य झाले. पण एका पानाचा दर किती हे दर महिन्याला कंपनीच्या निधीवर अवलंबून असते, आणि हा निधी कंपनी ठरवते. शिवाय या योजनेत पुस्तक ठेवायचे तर त्याची ई-आवृत्ती नव्वद दिवसांच्या प्रत्येक मुदतीत अन्यत्र विकता येत नाही. एकच मोठा खरेदीदार असलेल्या बाजारात विक्रेत्याची जी गत होते ती आम्ही वर्गात आलेख काढून शिकवतो. लेखिका ती आलेखावाचून शिकतात.

हक्काचा वाटा

जे एका कंपनीने स्वतःच्या सोयीने केले ते शासनाला न्यायाने करता येणार नाही काय? येते, अनेक देशांनी केले आहे. डेन्मार्कने १९४६ मध्येच याची सुरुवात केली. ब्रिटनमध्ये कादंबरीकार जॉन ब्रोफी यांनी १९५१ साली सुचवले की, ग्रंथालयातून पुस्तक नेताना वाचकाने लेखकासाठी एक पेनी द्यावी. ती सूचना मागे पडली. पण त्यांची कन्या ब्रिजिड ब्रोफी यांनी मोरीन डफी आणि इतर लेखकांसह पुढे चळवळ उभारली. १९७९ मध्ये सार्वजनिक देवघेव हक्काचा कायदा झाला आणि १९८४ मध्ये पहिले वाटप झाले. वाचकाकडून काही घ्यायचे नाही, ग्रंथालयावर बोजा टाकायचा नाही; सरकारने निधी द्यायचा आणि निवडक ग्रंथालयांच्या देवघेव-नोंदींवरून लेखकांचे वाटे ठरवायचे, अशी ही साधी रचना आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. हा सारा पैसा लोकप्रिय लेखकांच्या घरी जाईल आणि गंभीर लेखक कोरडा राहील. ब्रिटनमध्येही हे म्हटले गेले. धोब्याच्या कारखान्यात राबून पुढे आलेल्या कॅथरीन कुकसन यांची पुस्तके तेथील ग्रंथालयांतून वर्षानुवर्षे सर्वाधिक नेली जात. पण कायद्याने वरची मर्यादा घातली आहे. कितीही वाचक असोत, एका लेखकाला वर्षाला ६,६०० पौंडांहून अधिक मिळत नाहीत. उरलेली रक्कम इतरांत पसरते. बहुसंख्य लेखकांना मिळणारी रक्कम शंभर पौंडांच्या आतच असते, हेही खरे. मात्र तिला दान म्हणत नाहीत, हक्क म्हणतात. आणि लेखकाच्या पश्चात तो वारसांनाही मिळतो.

महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि शासकीय अनुदान घेणारी अकरा-बारा हजार ग्रंथालये आहेत. त्यांची वर्गवारी आहे, तपासणी आहे, देवघेवीच्या नोंदवह्या आहेत. नाही ती लेखकाची जागा. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातही ग्रंथालयीन देवघेवीबद्दल लेखकाला मोबदला देण्याची तरतूद नाही. परंतु राज्य शासनाला कायदा बदलण्याची वाट न पाहताही योजना म्हणून आरंभ करता येईल. प्रत्येक जिल्ह्यातील दोन ग्रंथालये नमुना म्हणून घेतली तर ३६ जिल्ह्यांची बहात्तर होतात. त्यांच्या नोंदींवरून राज्याचा अंदाज बांधावा आणि दर देवघेवीस पन्नास पैसे धरावेत. एखाद्या लेखिकेची पुस्तके राज्यभरात वर्षाला वीस हजार वेळा नेली गेली, तर तिला दहा हजार रुपये मिळतील. वरची मर्यादा पन्नास हजारांवर ठेवावी. अनुदान वेळेवर मिळत नाही, अशी ग्रंथालयांची तक्रार असताना हा नवा खर्च कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि म्हणूनच हा निधी ग्रंथालयांच्या अनुदानातून कापून न घेता स्वतंत्र असला पाहिजे.

आपण शिक्षक आणि कारकून महागाईभत्त्याच्या एका हप्त्यासाठी मोर्चा काढतो, आणि त्यात गैर काही नाही. केलेल्या कामाचा दाम मागणे हा श्रमिकाचा धर्मच आहे. परंतु दिवसभराच्या शिणानंतर रात्री उशाशी जे पुस्तक घेतो, तेही कोणाच्या तरी दिवसभराच्या श्रमाचे फळ असते, याचा आपल्याला विसर पडतो.

ग्रंथपालांनी त्या दिवशी सांगितलेली आणखी एक गोष्ट येथे नमूद करतो. ती लेखिका हयात असेपर्यंत वाचनालयाची नियमित सभासद होती आणि तिची वर्गणी कधीही थकली नाही. तिचे पुस्तक अडीचशे घरांत पाठवणारे आपण सारे मात्र तिचे थकबाकीदार आहोत.